भाव पडतो की माणूस?

२०२३च्या फेब्रुवारीतली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी निघता निघता माझ्या वरच्या मॅनेजरचा फोन आला. "अरे, सोमवारपर्यंत तुझ्या टीममधली दोन नावं दे." कसली नावं हे विचारायची गरज नव्हती. अमेरिकेतल्या क्लायंटने बजेट कापलंय हे गेले दोन आठवडे कॅन्टीनमध्ये सगळ्यांना माहीत होतं. रात्री मेलमध्ये एक एक्सेल शीट आली. अकरा ओळी, अकरा नावं, आणि शेवटच्या रकान्यात मला फक्त 'हो' किंवा 'नाही' भरायचं होतं.

शनिवारी सकाळी पोह्यांची बशी शेजारी ठेवून ती शीट बघत बसलो होतो. बाबा पेपर वाचत होते. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "मग सगळ्यांचेच पगार थोडे थोडे का नाही कापत?"

मी हसलो. "बाबा, कंपनीत असं नसतं."

"का नसतं?"

आता आली का पंचाईत! सोळा-सतरा वर्षं या धंद्यात आहे, दोन मंद्या पाहिल्यात, पण 'का नसतं' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाबांच्या प्रश्नाला एक पार्श्वभूमीही आहे. भोसरीत त्यांची लेथची छोटी शॉप होती. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि चार कामगार. मोठ्या कारखान्यांना माल देणारे जे मधले व्हेंडर असतात, त्यांच्यासाठी जॉब वर्क करायचे. २००८च्या दिवाळीनंतर गाड्यांचा खप बसला, कारखाने मधूनमधून आठवडा आठवडा बंद राहायला लागले, आणि बाबांच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. वर व्हेंडरने रेटही पाडून मागितला. बाबांनी तो मुकाट्याने पाडला. पण चौघांपैकी कोणालाही काढलं नाही. शॉप आठवड्यातून तीन दिवस चालू, पगार तीन दिवसांचा. स्वतः घरी काहीच आणत नव्हते. घर माझ्या पगारावर चाललं. आणि गंमत म्हणजे त्याच काळात माझ्या तेव्हाच्या कंपनीत पगार एका रुपयानेही कमी झाला नव्हता, पण आमच्या मजल्यावरच्या खुर्च्या मात्र दर सोमवारी कमी होत होत्या.

म्हणजे मंदी एकच, शहर एकच, अंतर फार तर वीस किलोमीटर. एका ठिकाणी भाव पडला, दुसऱ्या ठिकाणी माणसं पडली. हे असं का? या प्रश्नाच्या मागे लागून मी पुढचे बरेच वीकेंड घालवले. (बायकोच्या मते घरातली कामं टाळण्यासाठी. असो.) मी काही अर्थतज्ज्ञ नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण जे सापडलं ते इतकं इंटरेस्टिंग वाटलं की म्हटलं लिहूनच काढावं.

* * *

मंदीचा इतिहास म्हटला की १९२९ला पर्याय नाही. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, आणि १९३३ साली अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार होता. आकडा सुमारे १ कोटी २८ लाख. इथवर आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. पण 'चारातला एक' ही सरासरी झाली, आणि सरासरीत सगळी गंमत झाकली जाते. चारातला एक, पण कुठल्या धंद्यातला?

इथे गार्डिनर मीन्स नावाचा एक अर्थशास्त्रज्ञ मदतीला येतो. हा माणूस तेव्हा अमेरिकेच्या शेतीमंत्र्यांचा सल्लागार होता. त्याने एक साधी गोष्ट केली. १९२९ ते १९३३ या काळात वेगवेगळ्या उद्योगांत किंमत किती पडली आणि उत्पादन किती पडलं, हे त्याने शेजारी शेजारी मांडलं. १९३५ साली हा अहवाल अमेरिकी सिनेटपुढे आला. त्यातले काही आकडे असे :

शेतीची अवजारं : किंमत ६ टक्के पडली, उत्पादन ८० टक्के पडलं.
सिमेंट : किंमत १८ टक्के, उत्पादन ६५ टक्के.
लोखंड-पोलाद : किंमत २० टक्के, उत्पादन ८३ टक्के.
कापड : किंमत ४५ टक्के, उत्पादन ३० टक्के.
खाद्यपदार्थ : किंमत ४९ टक्के, उत्पादन १४ टक्के.
शेतमाल : किंमत ६३ टक्के, उत्पादन फक्त ६ टक्के.

ही यादी वरून खाली एकदा सावकाश वाचा. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा चहा गार झाला होता. जणू एखादा तराजू आहे. एका पारड्यात किंमत, दुसऱ्यात उत्पादन. जिथे किंमत टिकली तिथे उत्पादन बसलं, आणि उत्पादन बसलं म्हणजे माणसं घरी बसली. जिथे किंमत कोसळली तिथे काम चालू राहिलं, पण कामाचे पैसे मिळेनात.

कारण तसं सरळ आहे. पोलाद किंवा ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या असतात. मागणी कमी झाली की त्या भाव तसाच ठेवून माल कमी बनवू शकतात. भट्टी विझवायची, पाळी बंद करायची, गेटवर नोटीस लावायची. शेतकरी लाखोंनी असतात. एकट्याने गहू कमी पेरला म्हणून बाजारभाव वर येत नाही. उलट भाव पडला तरी कर्जाचा हप्ता तेवढाच असतो, म्हणून तो आणखी पेरतो! १९२९ साली अमेरिकेत बुशेलला एक डॉलरच्या आसपास असलेला गहू १९३२ साली चाळीस सेंटच्याही खाली गेला. आयोवात काही ठिकाणी मका इतका स्वस्त झाला की कोळशाऐवजी लोक शेगडीत मकाच जाळत होते.

आणि आता यादीतली पहिली आणि शेवटची ओळ एकत्र वाचा. शेतमालाचा भाव ६३ टक्के पडला, पण नांगराचा भाव फक्त ६ टक्के. मग शेतकरी नांगर घेणार कशाने? त्याने घेतला नाही. म्हणून नांगराचं उत्पादन ८० टक्के बसलं, आणि नांगराच्या कारखान्यातला कामगार बेकार झाला. तो बेकार झाला म्हणून त्याच्या घरी पाव आणि मांस कमी यायला लागलं, म्हणजे शेतमालाचा भाव आणखी पडला. एकाच दोरीची ही दोन टोकं. एक जण कामावर असून कंगाल, दुसऱ्याला कामच नाही. सरकारी आकड्यांत मात्र यातला एकच जण 'बेकार' म्हणून मोजला जातो.

* * *

आता बाबांचा मूळ प्रश्न. पगार का नाही कापत? तर हाही प्रयोग झालेला आहे, आणि तो फसलेला आहे.

नोव्हेंबर १९२९मध्ये, म्हणजे बाजार कोसळल्यावर महिनाभरातच, अध्यक्ष हूवर यांनी देशातल्या बड्या उद्योगपतींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं आणि विनंती केली की कृपा करून पगार कापू नका. पगार कापले तर लोक खरेदी करणार नाहीत आणि मंदी वाढेल, असा त्यांचा विचार. विचार चुकीचा नव्हता. हेन्री फोर्ड यांनी तर कमाल केली. रोजचा किमान पगार सहा डॉलरवरून सात डॉलर केला! पेपरांत कौतुक झालं.

पण गाड्याच खपत नसतील तर सात डॉलर द्यायचे कुठून? १९२९च्या वसंतात फोर्डकडे डेट्रॉइटमध्ये सुमारे १ लाख २८ हजार माणसं होती. ऑगस्ट १९३१मध्ये उरली ३७ हजार. ज्यांची नोकरी टिकली त्यांचा पगार सुरुवातीला टिकला. बाकीचे नव्वद हजार रस्त्यावर. शेवटी पगारही कापलेच, आणि १९३२ साली तो चार डॉलरवर आला. त्याच वर्षी मार्चमध्ये बेकारांचा एक मोर्चा फोर्डच्या कारखान्यावर गेला, तिथे गोळीबार झाला आणि माणसं मेली.

इथे एक लक्षात घ्यायला हवं. तेव्हा अमेरिकेत बेकार भत्ता नव्हता. ब्रिटनमध्ये बेकारी विमा १९११पासून होता, अमेरिकेत देशपातळीवर तो १९३५च्या कायद्याने आला. म्हणजे डेट्रॉइटमधला जो माणूस सात डॉलरवरून शून्यावर आला, त्याच्यासाठी ते खरंखुरं शून्य होतं.

* * *

मग आपल्याकडे काय झालं? मला वाटायचं की १९२९ची मंदी ही अमेरिकेची भानगड, हिंदुस्थान तेव्हा खेड्यांत राहत होता, त्याला काय फरक पडणार? मीन्सची यादी वाचल्यावर उजेड पडला. देशच शेतकऱ्यांचा असेल तर तो यादीच्या शेवटच्या ओळीत बसतो. इथे कोणी बेकार झालं नाही. इथे भाव पडला.

कापूस, गहू, तांदूळ, शेंगदाणा, सगळ्यांचे भाव दोन-तीन वर्षांत निम्म्याच्या आसपास आले. पण शेतसारा रोखीत, तो कमी झाला नाही. सावकाराचं व्याज रोखीत, तेही तेवढंच. वऱ्हाडातल्या ज्या शेतकऱ्याला पूर्वी सारा भरायला एक गाडी कापूस विकावा लागायचा, त्याला आता जवळजवळ दोन गाड्या लागू लागल्या. त्यात रुपयाचा दर १९२७पासून एक शिलिंग सहा पेन्सला बांधलेला. हा दर चढा आहे, त्याने शेतकरी मारला जातो, अशी ओरड आधीपासून होती. सरकारने तो काही सोडला नाही.

मग लोकांनी काय विकलं? घरातलं सोनं. सप्टेंबर १९३१मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडला, सोन्याचा रुपयांतला भाव चढला, आणि शतकानुशतकं सोनं आत घेणारा हा देश अचानक सोनं बाहेर पाठवू लागला. पुढच्या काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचं सोनं बोटींतून बाहेर गेलं. सरकारच्या ताळेबंदाला ते फार सोयीचं होतं. पण ते कोणाच्या पाटल्या-बांगड्या होत्या याची नोंद कुठल्या बेकारीच्या तक्त्यात येणार? मध्य प्रांत-वऱ्हाडात १९३३ साली कर्जात तडजोड घडवणारा कायदा करावा लागला, आणि मुंबई इलाख्यात शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा यायला १९३९ उजाडलं. तोपर्यंत बऱ्याच जमिनी सावकारांच्या नावावर गेल्या होत्या.

आणि मुंबईच्या गिरण्या? त्या यादीत मधोमध, कापडाच्या ओळीत. म्हणजे दोन्हीकडून मार. जपानी कापडाची स्पर्धा होतीच. भाव पडले, मालकांनी पगार कापले, एका विणकराकडे दोनाऐवजी जास्त माग दिले, काही गिरण्यांना टाळी लागली. एप्रिल १९३४मध्ये सार्वत्रिक संप झाला. पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो 'बदली' कामगाराने. हा कायम नसायचा. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, आत कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर परत खोलीवर. घ्यायचं की नाही ते जॉबर ठरवणार. मंदीत ही दारातली गर्दी वाढत गेली. १९३५ साली गिरणी मालकांनी या बदल्यांच्या नोंदणीची पद्धत सुरू केली. आपल्या भाषेत सांगायचं तर बेंच! फक्त बेंचवर आपल्याला निदान पगार आणि एसी मिळतो. :-)

गिरणीतलं काम गेलं की कामगार काय करायचा? रत्नागिरीची बोट पकडायचा किंवा घाटावर साताऱ्याकडे जायचा. गावाकडे दोन गुंठे का होईना जमीन, भावाचं घर, एक वेळची भाकरी. १९३१च्या रॉयल कमिशनने तर लिहून ठेवलं की कामगाराचं गावाशी नातं टिकवलं पाहिजे. वाचायला छान वाटतं. पण त्याचा अर्थ असा की गिरणीचा तोटा गावाने भरून काढायचा, आणि ते गाव म्हणजे कोण? तोच शेतकरी, ज्याच्या मालाचा भाव आधीच निम्म्यावर आलाय.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर एक अलीकडचा आकडा देतो. सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०१८-१९ मध्ये देशातले ४२.५ टक्के कामकरी शेतीत होते. २०१९-२० मध्ये, ज्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत लॉकडाउन आलं, ते ४५.६ टक्के झाले. एका वर्षात शेतीला अचानक इतक्या हातांची गरज पडली असं थोडंच आहे? शहराने सोडलेली माणसं शेतीने नेहमीसारखी पोटात घेतली. कागदावर ते सगळे 'रोजगारात'!

* * *

सगळं काळंच होतं असं मात्र नाही. त्याच मंदीत काही धंदे जोरात चालले.

साखर बघा. जावामधून येणाऱ्या साखरेवर १९३२च्या कायद्याने संरक्षक कर पक्का झाला, आणि देशातले साखर कारखाने चार-पाच वर्षांत तीसेकवरून सव्वाशेच्या वर गेले. आपल्याकडचं वालचंदनगर, माळीनगर ही त्याच दशकातली. दुसरं उदाहरण बोलपटांचं. 'आलम आरा' १९३१ सालचा, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२चा, आणि १९३३ साली, ऐन मंदीत, प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली. सुतार, रंगारी, शिंपी, वादक, कितीतरी लोकांना तिथे काम मिळालं. पण त्याच वेळी मूकपटाला पडद्याशेजारी बसून पेटी-तबला वाजवणाऱ्यांची गरज संपली. त्यांचं काम मंदीने नाही, आवाजाने नेलं. मंदीत काही नोकऱ्या अशाही जातात ज्या एरवीही गेल्याच असत्या. फक्त मंदीत जातात म्हणून सगळं खापर मंदीवर.

आता २००८. केंद्राच्या लेबर ब्युरोने तेव्हा आठ क्षेत्रांची घाईने पाहणी केली. ऑक्टोबर ते डिसेंबर २००८ या तीन महिन्यांत सुमारे ५ लाख रोजगार गेल्याचा अंदाज निघाला. सगळ्यात मोठा फटका हिरे आणि दागिने उद्योगाला. सुरतेत दिवाळीच्या सुट्टीला सौराष्ट्रात गेलेल्या कारागिरांना परत यायचा निरोपच आला नाही. नगावर मजुरी असलेल्या या कारागिरांचा भावही पडला आणि कामही गेलं. पुन्हा गाव. पुन्हा शेती.

आणि आपलं आयटी? आपल्याकडे तराजू जरा वेगळ्या प्रकारे झुकतो. आत असलेल्यांचा पगार सहसा कापला जात नाही. त्याऐवजी दारातल्यांना थांबवलं जातं. २००८-०९ मध्ये आणि पुन्हा २०२२-२३ मध्ये कितीतरी पोरं हातात ऑफर लेटर घेऊन महिनोन् महिने जॉइनिंगच्या मेलची वाट बघत होती. आणि मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचा पगार गेली कित्येक वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपास अडकलाय, महागाई कुठल्या कुठे गेली तरी. म्हणजे भाव आपल्याकडेही पडतो. फक्त तो अजून आत न आलेल्यांचा पडतो. गिरणीच्या दारातला बदली आठवला ना?

* * *

मग पगार का नाही कापत? याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर मला ट्रुमन ब्युली या येल विद्यापीठातल्या प्राध्यापकाकडे मिळालं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मंदी होती, तेव्हा त्याने समीकरणं बाजूला ठेवली आणि सरळ ३००हून अधिक मॅनेजर, कामगार नेते वगैरेंना जाऊन विचारलं. उत्तरांचा मथितार्थ असा : पगार कापला तर चिडलेला माणूस रोज सकाळी ऑफिसात येतो, आपल्या टेबलावर बसतो आणि बाकीच्यांनाही चिडवतो. काढून टाकलं तर त्याची चीड त्याच्याबरोबर गेटबाहेर जाते.

वाचून अंगावर काटा आला. कारण ते अगदी खरं आहे. आम्ही मॅनेजर लोक असाच विचार करतो.

भाव आणि माणूस यांच्यामध्ये तिसरी एक गोष्ट वाकवता येते, ती म्हणजे वेळ. डिसेंबर १९३०मध्ये मिशिगनमधल्या केलॉग कंपनीने (तीच, कॉर्नफ्लेक्सवाली) आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या सुरू केल्या, म्हणजे तेवढ्याच कामात जास्त माणसं. तिथल्या काही विभागांत ही सहा तासांची पाळी थेट १९८५पर्यंत टिकली! २००९ साली जर्मनीने हेच देशपातळीवर केलं. कंपनीने तास कमी करायचे, बुडालेल्या पगाराचा साठ टक्के किंवा जास्त भाग सरकारी रोजगार संस्थेने द्यायचा. ऐन भरात सुमारे पंधरा लाख कामगार अशा कमी तासांवर होते. त्या वर्षी जर्मनीचं एकूण उत्पादन पाच टक्क्यांहून जास्त घसरलं, पण बेकारी जेमतेम हलली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतली बेकारी दहा टक्क्यांवर गेली होती.

अर्थात वेळ वाकवण्यालाही मर्यादा असते. युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीकडे १९२९ साली सव्वादोन लाखांच्या जवळपास पूर्णवेळ कामगार होते. एप्रिल १९३३मध्ये पूर्णवेळ कामगारांची संख्या होती शून्य. उरलेले सगळे अर्धवेळ. काम वाटून घेतलं, पण घरभाडं काही अर्धवेळ होत नाही.

* * *

यातलं बरंचसं मला त्या फेब्रुवारीत माहीत नव्हतं. तरी बाबांच्या प्रश्नामुळे मी एक हिशेब केला. अकरातले दोन म्हणजे अठरा टक्के. आठवड्यातला एक दिवस कमी केला तर वीस टक्के. सहा महिने चार दिवसांचा आठवडा, पगार त्या प्रमाणात, आणि कोणालाही काढायचं नाही. सोमवारी हे घेऊन गेलो. वरच्या मॅनेजरने ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. मग म्हणाला, "क्लायंटला हेडकाउंट दाखवायचाय, तास नाही. आणि असं केलंस तर तुझे सगळ्यात चांगले दोघं आधी जातील." ब्युलीच्या पुस्तकातलं वाक्य जणू.

संध्याकाळी मी दोन नावं दिली. त्यातला एक जण आमच्याकडे जेमतेम आठ महिने होता. त्याआधी कॉलेज संपल्यावर अकरा महिने जॉइनिंगची वाट बघत घरी बसलेला. कामात काही खोट नव्हती. तो नवा होता आणि त्याला काढणं सोपं होतं, एवढंच. लॅपटॉप परत करताना त्याने मला विचारलं, "सर, माझं काय चुकलं?" मी काहीतरी 'बिझनेस रिक्वायरमेंट' वगैरे बोललो. जूनपर्यंत टीममधले सगळ्यात चांगले दोघं स्वतःहून गेले. पगार न कापताच.

काही महिन्यांनी हा सगळा अभ्यास बाबांना ऐकवला. मीन्सची यादी, केलॉग, जर्मनी, सगळं. शेवटी म्हणालो, "तुम्ही भोसरीत केलंत तेच बरोबर होतं. चौघांनाही ठेवलंत."

बाबा थोडा वेळ गप्प होते. म्हणाले, "चौघांना कुठे ठेवलं? लातूरचा तो जो होता, तो गेला ना. तीन दिवसांच्या पगारात खोलीभाडं भागेना त्याचं. गावी गेला तो परत आलाच नाही. मी काढलं नाही त्याला, पण गेलाच की."

मला हे माहीतच नव्हतं. चौदा-पंधरा वर्षं मी 'बाबांनी कोणालाही काढलं नाही' ही गोष्ट अभिमानाने सांगत होतो.

"मग तसं करून उपयोग काय झाला?"

"उपयोगाचं माहीत नाही. पण चौघांना चहाला बसवलं होतं, ऑर्डरींची वही समोर ठेवली होती. म्हटलं, एवढंच काम आहे, सांगा काय करू या. तीन दिवसांचं त्यांनीच सुचवलं होतं. त्यानेही."

माझी शीट मला आठवली. त्या शनिवार-रविवारी मी हिशेब केला, वरच्याशी बोललो, बाबांशी बोललो, बायकोशी बोललो. ज्यांची नावं त्या अकरा ओळींत होती त्यांच्यापैकी एकालाही विचारलं नाही. चार दिवसांच्या आठवड्याला ते हो म्हणाले असते का? गृहकर्जाचे हप्ते बघता कदाचित नसतेही म्हणाले. शेतकऱ्याला कोणी विचारत नाही, गिरणीच्या दारातल्या बदलीला कोणी विचारलं नाही, सुरतेच्या कारागिरालाही नाही. आमच्या अकरा जणांना विचारणं मात्र माझ्या हातात होतं, आणि मी ते केलं नाही.

पुन्हा अशी शीट येईल, यात शंका नाही. आपल्या धंद्यात ती दर काही वर्षांनी येतेच. त्या वेळी रकाना भरण्याआधी सगळ्यांना एका टेबलाशी बसवून वही समोर ठेवायची, एवढं ठरवलंय. कंपनीच्या नियमात ते बसत नाही म्हणे. बघू.